रिसॉर्टमधला दोन खोल्यांचा स्पा: जागा ठरवण्यापासून पावसाळ्यात बंद करण्यापर्यंत

अलिबाग, दापोली, तारकर्ली या पट्ट्यात वीस-तीस खोल्यांचं रिसॉर्ट नीट चालू लागलं की मालकाच्या डोक्यात स्पा येतोच. पहिला खर्च लाकडी पॅनेल, कारंजं आणि बुद्धाच्या मूर्तीवर होतो. स्पा बंद पडतो तो मात्र तुंबलेल्या मोरीमुळे, खवट वासाच्या टॉवेलांमुळे किंवा शनिवारी दुपारी चारला एकच थेरपिस्ट हजर असल्यामुळे. म्हणून या लेखात सजावटीबद्दल जवळजवळ काही नाही.

आधी आकडेमोड

समजा २४ खोल्या आहेत आणि शनिवारी सगळ्या भरल्या आहेत, म्हणजे साधारण ४८ प्रौढ पाहुणे. त्यांतल्या आठातल्या एकाने मालिश घेतलं तरी सहा जण होतात. एका तासाच्या मालिशला खोली प्रत्यक्षात दीड तास अडते: पाहुण्याला आत घेणं, नंतरची आंघोळ, चादर बदलणं, फरशी पुसणं. सकाळी १० ते संध्याकाळी ७:३० या वेळात एका खोलीत सहा पाळ्या बसतात, दोन खोल्यांत बारा. कागदावर हे भरपूर वाटतं. पण समुद्रावरून आलेल्या माणसाला मालिश हवं असतं ते ४ ते ७ या वेळात, आणि तेवढ्यात दोन खोल्यांत चारच पाळ्या होतात.

यावर उपाय तिसरी खोली बांधणं हा नव्हे. सकाळच्या पाळ्या स्वस्त करा, रविवारी चेक-आउटच्या आधीची ९ ची जादा पाळी चेक-इनच्या वेळीच विका. दोन्ही खोल्या सलग सहा महिने शनिवार-रविवार भरलेल्या दिसल्या, की मग तिसरीचा विचार. तिच्यासाठी जागा आणि पाण्याची लाइन मात्र आजच सोडून ठेवा.

लोणावळा-खंडाळ्याचं गणित उलटं आहे. तिथे पावसाळा हाच हंगाम; किनाऱ्यावर मात्र मे अखेरीस जलक्रीडा थांबतात आणि ऑगस्टपर्यंत गर्दी ओसरलेली असते. माणसं किती आणि किती महिन्यांसाठी ठेवायची, हे यावरूनच ठरतं.

जागा

स्विमिंग पूल, स्वयंपाकघर, जनरेटर आणि डीजे लागणारं लॉन या चौघांपासून लांबची जागा निवडा. मात्र इतकी लांब नको की पाहुण्याला अंगावर तेल घेऊन दोनशे पावलं चालावं लागेल. समुद्राकाठी एखादी झोपडी बांधून तिथे मालिश द्यायचं मनात असेल, तर आधी सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची, स्थिती तपासून घ्या. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे तुमचा गट नंबर कुठल्या पट्ट्यात येतो हे नकाशावर पाहिल्याशिवाय लाकडी ओटासुद्धा घालू नका. शिवाय उघड्या झोपडीत वारा, वाळू आणि डास असतात. तेल लावलेल्या अंगावर वाळू बसली की मालिशचा खरखरीत पॉलिश पेपर होतो. फोटोत छान दिसणारी ही झोपडी पाय चोळण्यापुरती ठेवावी.

एका टेबलाची खोली निदान १० बाय १२ फूट हवी. टेबलाच्या चारही बाजूंनी तीन-तीन फूट मोकळे सुटले पाहिजेत, नाहीतर थेरपिस्ट वाकडा होऊन काम करतो आणि वर्षभरात त्याची पाठ जाते. जोडप्यांसाठीची खोली १४ बाय १६. दोन खोल्यांपैकी एक जोडप्यांची केली तर बरं, कारण किनाऱ्यावर येणारे बरेच पाहुणे जोडीनेच मागणी करतात. मधे सरकतं पार्टिशन ठेवलं की एरवी तिचाच वापर एकट्या पाहुण्यासाठी करता येतो.

आवाजासाठी एकच गोष्ट सांभाळा: खोल्यांमधली भिंत फॉल्स सीलिंगपाशी न थांबवता स्लॅबपर्यंत न्या. कंत्राटदार हमखास इथे वीट वाचवतो, आणि मग शेजारच्या खोलीतलं घोरणं ऐकू येतं. एसी प्रत्येक खोलीला वेगळा घ्या. डक्टचा घेतला तर गारव्याबरोबर बोलणंही पसरतं. एसीचा झोत टेबलावर येता कामा नये. तेल लावलेलं अंग पटकन गार पडतं, म्हणून खोली २५ ते २६ अंशांवर ठेवायची. थेरपिस्टला गरम होणार, त्याच्या बाजूला छोटा पंखा द्या.

दिवे मंद होणारे हवेत, पण सफाईसाठी एक लख्ख पांढरा दिवाही हवा. मंद उजेडात पुसलेल्या फरशीवर तेल तसंच राहतं. मेणबत्त्या टाळा: तेल, टॉवेल आणि लाकूड एकाच खोलीत असताना उघडी ज्योत कशाला?

पाणी, मोरी आणि तेल

इथे चुकलं तर पुढे फरशी फोडावी लागते.

आंघोळीची सोय उपचाराच्या खोलीतच असावी. पाहुणा टेबलावरून उतरून नहाणीत जातो ते चार-पाच पावलं सगळ्यात धोक्याची. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल तिथे चालत नाही. खरबरीत, ओल्यातही न घसरणारी टाइल घ्या, भिंतीला आडवा दांडा बसवा, आणि पाहुण्याच्या तळपायांचं तेल पुसून मगच त्याला खाली उतरवायचं असा नियम करा. नहाणीच्या फरशीला मोरीकडे मीटरमागे दीड ते दोन सेंटिमीटर उतार द्या. टाइल बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंग करून २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालून ओल येते का बघा.

अभ्यंगाच्या प्रत्येक आंघोळीबरोबर थोडं तेल आणि उटणं किंवा मुगाचं पीठ मोरीत जातं. थंड पाइपमध्ये त्याचा चिखल होतो आणि दोन-तीन महिन्यांत लाइन तुंबते. दोन्ही नहाण्यांचं पाणी आधी ग्रीस ट्रॅपमध्ये (तेल अडवणाऱ्या छोट्या टाकीत) घ्या, मगच सेप्टिक टँककडे सोडा. तेल थेट गेलं तर शोषखड्ड्याची माती बंद होते. ट्रॅप आवाराबाहेरून उघडता येईल असा ठेवा आणि दर आठवड्याला वरचा थर काढा. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी असू द्या, म्हणजे पीठ तिथेच अडतं.

खोलीमागे ५० लिटरचा एक गीझर लागतो, जोडप्यांच्या खोलीला दोन. सोलर जरूर लावा, पण ढगाळ दिवसांसाठी विजेचा आधार ठेवा. साठवलेलं गरम पाणी ६० अंशांवर असावं आणि नळापाशी मिक्सिंग व्हॉल्व्हने ते कमी करावं. कोमट पाणी, म्हणजे साधारण २० ते ४५ अंश, टाकीत पडून राहिलं की लीजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. आठवडाभर न वापरलेला शॉवर पाहुण्याला देण्याआधी गरम पाण्याने काही मिनिटं वाहू द्या. त्या वेळी तिथे उभं राहू नका. बोअरचं पाणी जड असेल तर सॉफ्टनर लावा, कारण गीझर आणि स्टीम जनरेटर दोन्हींच्या कॉइलवर क्षार चढतो.

स्टीम, सॉना, जकूझी: काय घ्यावं

स्टीम घ्या. सॉना कोकणात कोणी मागत नाही. जकूझी पहिल्या वर्षी नकोच: ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात क्लोरीन भराभर उडतं, ते ३ ते ५ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ राखायला दिवसातून अनेकदा तपासणी करावी लागते, आणि ते करणारा माणूस छोट्या रिसॉर्टमध्ये नसतो.

स्टीमची खोली छोटी ठेवा. ६ बाय ५ फूट, उंची ७ फूट, म्हणजे जेमतेम ६ घनमीटर. टाइलच्या खोलीला घनमीटरमागे साधारण १ किलोवॉट धरून ६ किलोवॉटचा जनरेटर पुरतो. ग्रॅनाइट किंवा दगड लावला तर तो उष्णता पितो, मग पुढचा आकार घ्यावा लागतो. छत सपाट असेल तर गार थेंब पाहुण्याच्या डोक्यावर टपटपतात, म्हणून त्याला एका बाजूला उतार द्या. वाफेचं तोंड बाकाखाली, पण कोणाच्या पोटऱ्यांजवळ नको. तिथेच भाजल्याच्या तक्रारी येतात. दार बाहेर उघडणारं, काचेचं आणि आतून कडी नसलेलं. आत हाताला येईल असं घंटीचं बटण. विजेच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग यांत काटकसर नाही. जनरेटरची टाकी रोज संध्याकाळी रिकामी करा.

तापमान ४३ ते ४५ अंश. नवख्याला ५ मिनिटं, सवय असलेल्याला १० पेक्षा जास्त नाही, आणि दर तीन-चार मिनिटांनी काचेतून बघायचं.

टेबल, तेल आणि मेन्यू

साध्या मालिशसाठी लाकडी पायांचं, ६ फुटांहून थोडं लांब आणि अडीच फूट रुंद टेबल घ्या. चेहऱ्यासाठी भोक हवं. थेरपिस्ट सरळ उभा राहिल्यावर त्याच्या मुठीची बोटं जिथे येतात ती टेबलाची उंची. तेलाने रेक्झिनला वर्षभरात चिरा पडतात, म्हणून वर वेगळा धुता येणारा रेक्झिनचा तुकडा आणि त्यावर चादर. स्पिरिटने पुसू नका, सौम्य साबणाने पुसा.

अभ्यंग आणि शिरोधारेसाठी (कपाळावर तेलाची संथ धार) द्रोणी, म्हणजे कडेने पन्हळ असलेलं मेज, लागतं. लाकडी द्रोणी सात फुटांची आणि जबर जड असते. ती दारातून जाते का हे चौकट बसवण्याआधी मोजा.

मेन्यू एका पानाचा. सुरुवातीला एवढंच पुरे:

- अभ्यंग, ६० मिनिटं, १०० ते १५० मिली तेल
- स्वीडिश प्रकारचं हलकं मालिश, ६० मिनिटं, ३० ते ५० मिली
- डोकं-खांदे-पाठ, ३० मिनिटं
- पाय आणि तळपाय, ३० मिनिटं
- शिरोधारा, ३० ते ४० मिनिटं, दीड ते दोन लिटर
- अभ्यंगानंतर स्टीम, १० मिनिटं

यांतलं सगळ्यात जास्त विकलं जातं ते अर्ध्या तासाचं. खोलीत न नेता व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत पायांचं मालिश देता येतं, आणि पाळ्यांची कोंडी तिथेच निम्मी सुटते.

तेल औषधी असेल तर परवानाधारक कंपनीचं, सीलबंद आणि बॅच नंबर असलेलं घ्या: क्षीरबला, धन्वंतरम्, महानारायण, बला-अश्वगंधा. घरी काढे घालून तेल सिद्ध करून विकणं म्हणजे विनापरवाना औषधनिर्मिती. उग्र वास न सोसणाऱ्यांसाठी साधं तीळतेल किंवा खोबरेल ठेवा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, हे थंड हवेच्या ठिकाणी लक्षात असू द्या. तेल थेट आचेवर नाही, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ३८ ते ४० अंशांपर्यंत तापवायचं आणि थेरपिस्टने आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. वाटीत उरलेलं तेल बाटलीत परत ओतायचं नाही. शिरोधारेचं तेल दुसऱ्या पाहुण्याला वापरायचं नाही. दोन लिटर टाकवत नाहीत म्हणून हा मोह सगळीकडे होतो, तेव्हा शिरोधारेचा दरच तेल धरून लावा. धार कपाळापासून चार बोटं उंचीवरून, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या.

पाहुण्यांना ‘पंचकर्म’ हा शब्द आवडतो, पण वमन (उलटी), विरेचन (जुलाब), बस्ती (एनिमा) हे उपचार आहेत आणि ते वैद्याच्या देखरेखीखालीच होतात. वैद्य नसतील तर मेन्यूत तो शब्द नको. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब बरा होतो असं पत्रकात लिहिलंत तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात अडकाल. ‘थकवा उतरतो, अंग मोकळं होतं’ एवढं पुरतं.

टॉवेल आणि चादरी

एका मालिशला २ चादरी, २ मोठे टॉवेल, ३ नॅपकिन लागतात. गर्दीच्या दिवशी ८ मालिशं धरा आणि चार संच ठेवा: एक वापरात, एक धुण्यात, एक वाळून घडी घातलेला, एक राखीव. म्हणजे ६४ चादरी, ६४ टॉवेल, ९६ नॅपकिन. रंग कॉफी किंवा गडद मरून. टॉवेल ४०० जीएसएमचे (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) पुरेत. ६०० चे हाताला गुबगुबीत लागतात, पण कोकणच्या दमट हवेत दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि कुबट होतात.

तेलकट कापड खोल्यांच्या चादरींबरोबर धुवायचं नाही. वापरल्यानंतर ताबडतोब, रात्रभर ढीग न करता, ६० अंशांच्या पाण्यात साबण आणि धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, मग मशिनला लावा. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. त्याने टॉवेल पाणी शोषेनासा होतो. टॉवेल धुतला गेला की नाही हे थंड असताना हुंगून कळत नाही. एक टॉवेल वाफेवर गरम करून हुंगा. खवट वास आला तर तेल आत राहिलं आहे, तो संच पुन्हा सोड्यात. दोन धुण्यांत गेला नाही तर टॉवेल फरशी पुसायला काढा.

ड्रायर वापरत असाल तर आणखी एक गोष्ट, आणि ही लाँड्रीतल्या माणसाला तोंडी नाही, भिंतीवर लिहून द्या. तेल राहिलेले टॉवेल ड्रायरमधून गरमागरम काढून गठ्ठा केला तर आतलं तेल हवेशी संयोग पावत आणखी तापत जातं आणि काही तासांनी गठ्ठा आपोआप पेट घेऊ शकतो. शेवटची दहा मिनिटं थंड हवेवर फिरवायचं, मग पसरून गार करायचं, त्यानंतर घडी. रात्री मशिन लावून झोपायला जायचं नाही.

माणसं

दोन खोल्यांना तीन थेरपिस्ट लागतात, निदान एक स्त्री आणि एक पुरुष. स्त्रीला स्त्री, पुरुषाला पुरुष, हा नियम बुकिंगच्या वेळीच सांगून टाका. त्याला अपवाद ठेवला की अर्ध्या अडचणी तिथूनच सुरू होतात. एका माणसाकडून दिवसाला चार, फार तर पाच पूर्ण मालिशं. सहाव्या मालिशला अंगठा सुजतो आणि तो सोमवारी गावी निघून जातो. थेरपिस्ट बहुतेक करून केरळ किंवा ईशान्येकडून येतात, तेव्हा राहायची खोली, त्यांच्या सवयीचं जेवण आणि पगारी सुट्टी नीट असेल तरच हंगामभर टिकतात.

पगार ठरलेला द्या, वर थोडं कमिशन. नुसत्या कमिशनवर ठेवलेला माणूस टेबलावर झोपलेल्या पाहुण्याला पॅकेज विकू लागतो. स्पा ठेक्याने दिलात तर हीच तक्रार दुप्पट होते, शिवाय इंटरनेटवरचा वाईट शेरा रिसॉर्टच्या नावावर पडतो. ठेका द्यायचाच असेल तर दर, तेलाचा ब्रँड, टॉवेल कोण धुणार आणि बिल कोणाच्या काउंटरवर, हे करारात लिहा.

नेमणुकीआधी प्रत्येकाकडून पूर्ण एक तासाचं मालिश मालकाने किंवा व्यवस्थापकाने स्वतः घ्यावं. दाब एकसारखा आहे का, हात अंगावरून वारंवार उचलला जातो का, चादर नीट सरकवून फक्त चालू असलेला भाग उघडा ठेवला जातो का, एवढं बघा. प्रमाणपत्रावरून यांतलं काही कळत नाही. पोलीस पडताळणी करून घ्या. कॅमेरे बाहेरच्या पडवीत आणि काउंटरवर, खोलीत कधीही नाही. पाहुण्याने गैरवर्तन केलं तर थेरपिस्टने मालिश थांबवून बाहेर यायचं आणि त्याचा पगार कापला जाणार नाही, हे लेखी द्या. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीही लागते.

पाहुणा आल्यावर

वेळेआधी १५ मिनिटं बोलवा. एक पानी फॉर्म मराठी, हिंदी, इंग्रजीत, आणि तो नुसता सही करून न घेता तोंडी विचारायचा. नकार द्यायचे प्रसंग: ताप, दारू घेतलेली, पायात गुठळीचा इतिहास, ताज्या शस्त्रक्रियेची जखम, अंगावर पसरलेला त्वचारोग. गरोदर बाई, हृदयरोगी, कर्करोगाचे उपचार चालू असलेले यांना डॉक्टरांची परवानगी असेल तरच, आणि स्टीम नाहीच. रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनाही स्टीम नाही. सुकामेव्याची ॲलर्जी विचारा, कारण बदामतेल सर्रास वापरलं जातं. किनाऱ्यावरचा नेहमीचा प्रसंग वेगळाच असतो: दुपारभर उन्हात खेळून पाठ लाल झालेली. तिच्यावर मालिश आणि उटणं दोन्ही नको. पाय आणि डोकं द्या. भरपेट मासळीच्या जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्या.

मालिश संपलं की पाहुण्याने आधी एक मिनिट टेबलावर बसायचं. झटकन उठलं की चक्कर येते. काउंटरवर जवळच्या रुग्णालयाचा फोन आणि १०८ मोठ्या अक्षरात.

कागदपत्रं आणि हिशोब

दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा दाखला, अग्निसुरक्षेची पूर्तता, आणि रिसॉर्टच्या विम्यात स्पाचा स्वतंत्र उल्लेख. रेकॉर्ड केलेलं संगीत वाजवायलाही परवाना लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या सेवांवर जीएसटी ५ टक्के आहे, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे टेबल, जनरेटर, तेलावर भरलेला कर खर्चातच धरा. खोलीच्या पॅकेजमध्ये मालिश ‘मोफत’ दिलंत तर कराचा हिशोब बदलतो, तो सीएला आधी विचारा.

एक नमुना हिशोब, आकडे आपापले घालावेत. मालिशचा दर करापूर्वी ₹२,०००. तेल १२० मिली, लिटरला ₹७०० प्रमाणे ₹८४. धुणं ₹९०. डिस्पोजेबल कपडे, चपला ₹४०. आल्याचा चहा ₹२०. कमिशन ₹२००. एकूण ₹४३४, हातात उरले ₹१,५६६. महिन्याचा ठरलेला खर्च: तीन थेरपिस्ट, राहणं-जेवण धरून ₹७५,०००, काउंटरचा माणूस ₹१८,०००, वीज ₹१२,०००, दुरुस्ती आणि टॉवेलांची भर ₹१०,०००. बेरीज ₹१,१५,०००. म्हणजे खर्च निघायला महिन्याला ७४ मालिशं हवीत. चार शनिवार-रविवारी रोज ७ झाली तर ५६ होतात. उरलेली १८ आठवड्याच्या मधल्या दिवसांत काढावी लागतात. ती ऑफिसच्या सहलींतून येतात, तेव्हा तुमच्या विक्रीच्या माणसाने कोटेशनमध्येच पायाच्या मालिशची ओळ घालावी.

पावसाळ्यात बंद करताना

किनाऱ्यावरच्या स्पाला जून ते ऑगस्ट कुलूप लावून चालत नाही. टेबलांखाली, द्रोणीच्या तळाशी आणि कपाटामागे पंधरा दिवसांत बुरशी धरते. द्रोणी साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, विटांवर उचलून ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. टॉवेल दोनदा सोड्यात धुऊन कडक वाळवा आणि मुख्य इमारतीतल्या, एसी चालू असलेल्या खोलीत हलवा. स्टीम जनरेटरची टाकी क्षार काढून कोरडी करा. गीझर रिकामे, शॉवरची तोंडं उघडून ठेवलेली. ग्रीस ट्रॅप पूर्ण उपसून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी शिरून सगळी घाण अंगणात येते. आठवड्यातून दोनदा खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर तीन तास चालवा. उघडलेल्या तेलाच्या बाटल्या पुढच्या हंगामासाठी ठेवू नका. त्या देवापुढच्या दिव्याला किंवा बिजागऱ्यांना वापरा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात शॉवर गरम पाण्याने वाहते करा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, आणि पाहुण्याला आत घेण्यापूर्वी चार दिवस स्टाफलाच मालिश द्या, म्हणजे गळका नळ आणि कुरकुरणारं टेबल घरातच सापडेल.